‘बाबाचा फोन आला का?’

(पत्र थोडक्यात. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईनं लिहिलंय. नवरा फौजेत, सध्या पोस्टिंग उंचावर, बर्फाच्या भागात. घरी सासू-सासरे, पाचवीतला दहा वर्षांचा मुलगा आणि अंगणवाडीत जाणारी साडेचार वर्षांची मुलगी. जुलैत धानाची रोवणी जोरात होती, बाई दिवसभर शेतात होत्या. नागपूरला कॉलेजात शिकणारा त्यांचा भाऊ तेव्हा घरी आला होता. पावसानं मुलं घरात अडकलेली, म्हणून त्यानं भाच्याला लॅपटॉपवर ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा जपानी कार्टून सिनेमा दाखवला. मुलगा सिनेमा बघताना रडला नाही. पण तेव्हापासून तो बहिणीला नजरेआड होऊ देत नाही, अंगणवाडीच्या दारात बसून राहतो. रात्री दचकून उठतो. तांदळाच्या कोठीमागे एक डबा सापडला, त्यात बिस्किटं, मुरमुरे आणि गुळाचे खडे लपवलेले. शाळेत १५ ऑगस्टला ‘सीमेवरचा जवान’ या विषयावर भाषण करायला सांगितलंय, ते करायला तो तयार नाही. सासरे म्हणतात, “पोट्टा भेकड होऊन रायला. फौजीचा पोरगा ना तो! त्याले लढाईचा चांगला सिनेमा दाखवा.” भाऊ म्हणतो, युद्ध काय असतं ते मुलांना कळायलाच पाहिजे. बाईंचे प्रश्न असे: भावाचं चुकलं का? सासरे म्हणतात तसा शूरवीरांचा सिनेमा दाखवला तर भीती जाईल का? फौजीच्या मुलानं युद्धविरोधी सिनेमे बघावेत का? आणि नवऱ्याला हे सांगावं का? तिकडं त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून अजून सांगितलेलं नाही.

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न चार आहेत, आणि मधेच, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: “बाबाचा फोन आला का, हे तर दिवसातून दहादा विचारतो, पण ते काही नवीन नाही.” माझं उत्तर शेवटी त्या वाक्यापाशीच येणार आहे. पण आधी तुमच्या भावाचं बघू.

त्याचा हेतू वाईट नव्हता. कार्टून म्हणजे लहान मुलांचं, हा समज सगळीकडेच आहे. १९८८ सालचा हा सिनेमा इसाओ ताकाहाता यांचा. १९४५ मधलं जपान, कोबे शहर. चौदा वर्षांचा भाऊ आणि चार वर्षांची बहीण. बाँबहल्ल्यात आई जाते, एका नातेवाईक बाईच्या घरी आसरा मिळतो, तो टिकत नाही. तळ्याकाठच्या एका खोदलेल्या आडोशात दोघं राहू लागतात आणि उपासमारीनं संपतात. भाऊ मरतो हे तर सिनेमा सुरुवातीलाच सांगून टाकतो. मोठी माणसंसुद्धा हा सिनेमा एकदा बघतात आणि पुन्हा हात लावत नाहीत. मी त्यांतलाच. दहा वर्षांच्या मुलानं, आई वावरात असताना, तो बघायला नको होता. भावाला एवढं स्पष्ट सांगा आणि विषय तिथंच सोडा, कारण त्याची गरज पुढं लागणार आहे.

आता तुम्ही काय धरून चालला आहात ते बघू. तुम्ही, सासरे आणि भाऊ, तिघांचंही एका गोष्टीवर एकमत आहे: मुलगा युद्धाला घाबरला. सासऱ्यांना ती भीती घालवायची आहे, भावाला ती थोडी असलेली बरी वाटते, तुम्ही मधे अडकला आहात. पण त्या सिनेमात युद्ध दिसतं किती? विमानं येतात, आगीचे बाँब पडतात, गाव जळतं, ते सगळं सुरुवातीच्या भागात. पुढं जे चालतं ते स्वयंपाकघरात. आईची चांगली वस्त्रं देऊन तांदूळ आणला जातो. आणि मग जेवायला बसल्यावर ती बाई पळी कुणाच्या वाटणीला तळापर्यंत नेते आणि कुणाच्या वाटणीला वरचं पाणी येतं, हे कॅमेरा शांतपणे दाखवतो. ती बाई राक्षस नाही. तिच्या घरातली माणसं कामाला जातात, त्यांना आधी, असा तिचा हिशेब आहे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही ती पळी समजते. खेड्यातल्या मुलाला तर लगेच.

मुलाच्या नजरेतून युद्ध दाखवणाऱ्या सिनेमांची ताकद इथं आहे. मोठ्या माणसाच्या नजरेतून दाखवलं की नकाशा येतो, डावपेच येतात, कोण जिंकलं ते येतं, आणि कितीही रक्त दाखवलं तरी थोडा थरार उरतोच. लहान मुलाला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला भूक लागलेली असते. रेने क्लेमाँ यांच्या १९५२ सालच्या ‘फॉरबिडन गेम्स’मध्ये आईबाप गमावलेली एक चिमुरडी आपल्या मेलेल्या कुत्र्यासाठी कबर करते. मग दोन मुलं मिळून कीडमुंगी, पक्षी, जे मरेल त्याचं दफन करत सुटतात आणि त्यासाठी गावातले क्रूस चोरतात. एलेम क्लिमोव्ह यांच्या १९८५ सालच्या ‘कम अँड सी’मध्ये बेलारूसमधला एक पोरगा वाळू उकरून बंदूक शोधतो, कारण बंदूक असली की लढायला घेतात, आणि ती सापडल्यावर केवढा खूश होतो! सिनेमा संपेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर म्हाताऱ्याच्या सुरकुत्या आलेल्या असतात.

हे बघून आपला घसा दाटतो, कारण पडद्यावरच्या मुलाला जे कळत नाही ते आपल्याला कळत असतं. कुत्र्याची कबर करणारी पोर खरं तर कुणाला पुरते आहे, हे तिच्यापेक्षा आपल्याला जास्त माहीत. ही कळ मोठ्यांवर चालते. दहा वर्षांच्या मुलाकडं तो जास्तीचा शहाणपणा नसतो. तो पडद्यावरच्या मुलाच्या शेजारी जाऊन बसतो आणि त्याच्याइतकाच एकटा पडतो. म्हणून हे सिनेमे मुलांविषयी असले तरी मोठ्यांसाठी केलेले असतात, हे शिक्षकांनीही लक्षात ठेवावं. शाळेत आता मोठे टीव्ही आले आहेत. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीच्या आसपास ‘काहीतरी चांगलं’ म्हणून अख्खी शाळा एका खोलीत बसवली जाते, पहिलीपासून सातवीपर्यंत. आधी स्वतः पूर्ण बघा, नंतर मुलांशी बोलायला तासभर राखून ठेवा आणि शेवटच्या तासाला दाखवून घंटा वाजवू नका, एवढं केलं तरी पुष्कळ.

तर तुमच्या मुलानं काय पाहिलं? मोठी माणसं कमी पडतात, हे पाहिलं. शेजारी असतात, नातेवाईक असतात, गाव असतं, आणि तरी चार वर्षांची एक मुलगी भुकेनं जाते. त्याची बहीण साडेचार वर्षांची आहे. तो रडला नाही ताई, तो कामाला लागला. डबा भरला, बहिणीवर पहारा बसवला. सिनेमातल्या भावाच्या हातून जे सुटलं ते आपल्या हातून सुटू नये, म्हणून त्याची ही सगळी तयारी आहे. याला भेकडपणा म्हणत नाहीत. सासऱ्यांना हा परिच्छेद वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

तो डबा फेकू नका. रागावूही नका, आणि “आपल्याकडं काय कमी आहे का” असं हसून उडवूही नका. उलट त्याला कोठीपाशी घेऊन जा. यंदाचा तांदूळ किती आहे, नवं धान येईपर्यंत कसा पुरतो, दुकानात उधारी कुणाकडं चालते, बाबांचे पैसे बँकेत कसे येतात, ते दाखवा. दहा वर्षांच्या शेतकऱ्याच्या नातवाला हे कळतं. डबा त्यालाच म्हणावं स्वयंपाकघरात मांडणीवर ठेव, सगळ्यांना दिसेल असा, आणि संपला की मला सांग. मुंग्या लागण्याआधी तो तिथं आलेला बरा.

आता फोनचं. तुम्ही लिहिलंय, हे जुनंच आहे. असेल. पण या सिनेमातल्या दोन मुलांचा बाप कोण आहे, हे भावानं तुम्हाला सांगितलं का? तो नौदलात अधिकारी आहे. युद्धावर गेलाय. मुलगा सगळा वेळ त्याच्या भरवशावर असतो, बाबा बदला घेतील, बाबा येतील. आणि एक दिवस बँकेत पैसे काढायला गेल्यावर परक्या माणसांकडून त्याला कळतं की देश शरण गेला, आरमार बुडालं. म्हणजे बापही गेला. घरी येऊन कुणी सांगत नाही, कागद येत नाही, गर्दीत चाललेल्या बोलण्यातून कळतं.

आणखी एक. आई गेल्याचं त्या भावानं बहिणीपासून लपवलेलं असतं, तिला त्रास नको म्हणून. पुढं कळतं की तिला ते केव्हाच ठाऊक होतं, घरातल्या बाईनं सांगितलं होतं. ती बिचारी भावासाठी गप्प होती.

तुमच्या मुलानं हे दोन्ही पाहिलंय. आता तो विचारतो, बाबाचा फोन आला का? तुम्ही म्हणता, “नेटवर्क नाही रे तिकडं, येईल.” तुम्ही खरं बोलता. पण मोठी माणसं अशीच लपवतात, हे त्याला सिनेमानं नुकतंच शिकवलंय. मला वाटतं त्याची झोप इथं उडाली आहे. विमानांपेक्षा त्याला त्या बँकेतल्या गर्दीची भीती आहे: सगळ्यांना माहीत असेल आणि मला कुणी सांगितलेलं नसेल.

बातमीची वाट बघणं म्हणजे काय, हे तुमच्या जिल्ह्याला सांगायला नको. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला, कामगार गेले. कामावर गेलेल्यांच्या घरच्यांचा तो दिवस कसा गेला असेल, ते तुमच्या भागातली माणसं माझ्यापेक्षा जास्त जाणतात. “आपल्याकडं कुठं युद्ध आहे” असं तुम्ही लिहिलंय. तोफगोळ्यांची दारू जिथं तयार होते त्या गावांतल्या मुलांच्या कानावर काही ना काही पडतच असतं. फक्त आपण त्यांच्यासमोर त्याविषयी बोलत नाही.

म्हणून सगळ्यात आधी नवऱ्याला सांगा. घोर लागेल म्हणून लपवताय, पण तीच गोष्ट आपण आत्ता बोललो ना? शिवाय मुलगा पुढच्या फोनवर काही विचारून बसला आणि ते गोंधळले, तर दोघांनाही जास्त लागेल. त्यांना सिनेमाची गोष्ट सांगा, विशेषतः त्या बापाचं. मग त्यांनी मुलाशी काय बोलावं? “शूर हो, रडू नको” हे नको. त्यांनी आपला दिवस सांगावा. सकाळी किती वाजता उठतात, लंगरमध्ये (फौजेच्या खानावळीत) आज काय होतं, शेजारच्या खाटेवर कुठल्या जिल्ह्याचा माणूस झोपतो, मोजे वाळतात कुठं. मुलांना बापाचं शौर्य नंतर लागतं, आधी त्याचं जेवणखाण लागतं. नेटवर्क मिळेल तेव्हा दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर तो मुलाला रात्री ऐकता येईल. आणि हातानं लिहिलेलं पत्र. फौजी डाक अजून चालते, ‘मार्फत ५६ एपीओ’ असा फौजी टपालाचा पत्ता लिहिलेलं पाकीट गावच्या पोस्टमनच्या हातून मुलाच्या नावावर आलं, तर त्याची किंमत दहा व्हिडिओ कॉलपेक्षा जास्त आहे. मुलानंही उत्तर लिहावं.

एक फरक त्याला समजावून द्या. बाबा नेमके कुठं आहेत हे सांगत नाहीत, कारण ते फौजेत कुणीच सांगत नाही. तो नियम आहे. त्यांच्या तब्येतीविषयी, घराविषयी मात्र काही लपवलं जाणार नाही. मग समोरासमोर बसून म्हणा: “बाबांबद्दल मला जे कळेल ते मी तुला त्याच दिवशी सांगीन. चांगलं असो की वाईट. बाहेरून तुला काही कळणार नाही.” “बाबांना काही होणार नाही” असं वचन देऊ नका. ते तुमच्या हातात नाही आणि तेही त्याला माहीत आहे. त्याच दिवशी सांगण्याचं वचन तुमच्या हातात आहे. ते पाळा. फोन आला नाही तर “आज आला नाही, माझ्याकडं काही बातमी नाही” एवढंच, पण रोज, त्यानं विचारायच्या आधी.

सासऱ्यांच्या उपायाविषयी. लढाईच्या सिनेमाला माझा सरसकट विरोध नाही. गावोगावी पोरं बघतात, काठ्यांच्या बंदुका करून खेळतात, पुढं त्यातली काही भरतीला पळतात, काही शिक्षक होतात. पण आत्ता औषध म्हणून तो देऊ नका. ज्या मुलाचा जीव बापाच्या फोनवर अडकलाय त्याला तुम्ही दोन तास गणवेशातली माणसं पडताना दाखवणार आणि टाळ्या वाजवा म्हणणार? त्याचं लक्ष झेंड्याकडं जाणारच नाही. तो पडणाऱ्यांचे चेहरे बघत बसेल.

सिनेमानं झालेलं सिनेमानंच सावरायचं असेल तर एक सुचवतो. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ ज्या दिवशी जपानमध्ये लागला, त्याच दिवशी, त्याच थिएटरांत, जोडीनं त्याच स्टुडिओचा दुसरा सिनेमा लागला होता: हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’. यातही दोन भावंडं आहेत, दोघी बहिणी. आई दवाखान्यात आहे, बाप शांत, समजूतदार, घरी आहे. गाव भातशेतीचं, तुमच्यासारखंच, बांधावरून चालत जाणारं. एका प्रसंगात धाकटी हरवते. आणि सगळं गाव कामं टाकून तिला शोधायला निघतं, तळ्यात लांब काठ्या घालून माणसं शोधतात. ती सापडते. एकाच बैठकीत जपानी प्रेक्षकांनी ही दोन गावं पाहिली होती, एक पोरांना सोडून देणारं, एक त्यांच्यासाठी धावणारं. तुमच्या मुलानं एकच पाहिलंय. दुसरं बघताना मात्र त्याच्या शेजारी तुम्ही बसा, आजोबांनाही बसवा, कारण आईचं आजारपण त्याला थोडं टोचेल.

तिसरा प्रश्न, फौजीच्या मुलानं युद्धविरोधी बघावं का. ताकाहातांना विचारलं तर ते म्हणत, माझा सिनेमा युद्धविरोधी नाहीच. हा माणूस नऊ वर्षांचा असताना ओकायामावरच्या बाँबहल्ल्यातून जीव वाचवून पळालेला. त्याचं म्हणणं असं की असे सिनेमे बघून युद्धं थांबत नाहीत. त्याला त्या दोन मुलांचं जगापासून तुटत जाणं दाखवायचं होतं. मला हे पूर्ण पटतं असं नाही, पण तुमच्या घरासाठी त्यात सोय आहे. त्या सिनेमात कुठल्याच सैनिकाला वाईट म्हटलेलं नाही. मुलांचा बाप स्वतः सैनिक आहे आणि मुलं त्याच्यावर जीव टाकतात. म्हणजे सिनेमा बापाच्या विरोधात आहे असं तुम्हाला वाटलं असेल, किंवा घरात कुणी म्हटलं असेल, तर ते काढून टाका. कधीतरी तो विचारेल, “बाबा पण कुणाची घरं जाळतात का?” हा प्रश्न गुन्हा नाही. त्याचं उत्तर बाबांनीच द्यावं, त्यांच्या शब्दांत, सुट्टीवर आल्यावर.

भाषणाचं सोपं आहे. गुरुजींना भेटा, भाषण सक्तीचं करू नका म्हणा. त्याला बोलायचंच असेल तर विषय तोच ठेवून तो वडिलांचं पत्र वाचून दाखवू शकतो. “आज लंगरमध्ये राजमा होता” असं एक वाक्य १५ ऑगस्टच्या सगळ्या भाषणांत उठून दिसेल. नसेल बोलायचं तर यंदा झेंडावंदनाला रांगेत उभा राहू दे, एवढं पुरे.

मी डॉक्टर नाही. दचकून उठणं, बहिणीला न सोडणं हे वरचं सगळं करूनही दोनतीन आठवड्यांत उतरलं नाही, किंवा जेवण कमी झालं, अंथरूण ओलं व्हायला लागलं, शाळा बंद झाली, तर थांबू नका. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. पुढं जिल्हा रुग्णालयात कुणाला भेटायचं तेही विचारता येईल. गावात आणखी पाचसहा घरचे लोक फौजेत आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्या घरांतही मुलं आहेत. त्यांच्या आयांशी बोलून बघा, ‘फोन आला का’ हा प्रश्न एकट्या तुमच्या ओसरीवर विचारला जात नसणार.

राहिला तुमचा भाऊ. राखीला येईलच. तेव्हा त्यानं लॅपटॉप नागपूरलाच ठेवावा आणि भाच्याला घेऊन बांधावर फिरायला जावं. मुलाला त्या सिनेमाविषयी जे विचारायचं असेल ते विचारू द्यावं, मधे शिकवू नये. त्याला सांगण्यासारखी एक खरी गोष्ट माझ्याकडं आहे. हा सिनेमा ज्या कथेवरून केला ती १९६७ साली अकियुकी नोसाका यांनी लिहिली. त्यांची लहान बहीण १९४५ मध्ये खरंच उपासमारीनं गेली. पण सिनेमातला भाऊ मरतो, खरा भाऊ मेला नाही. तो जगला, लेखक झाला, २०१५ मध्ये ८५ वर्षांचा होऊन गेला. बहिणीला द्यायचं म्हणून ठरवलेलं अन्न हातात आलं की मीच खाऊन टाकायचो, असं तो पुढं मोकळेपणानं सांगत असे, आणि कथेतला भाऊ त्यानं स्वतःपेक्षा खूप चांगला लिहिला. मामानं हे भाच्याला सांगावं. डब्यातलं एखादं बिस्किट तुमच्या मुलानंही खाल्लेलं असणार, आणि त्याबद्दल तो कुणाशी बोललेला नसणार.